न्येरेरे नावाच्या मास्तरांनी टांझानियाचं काय केलं?

२९ ऑक्टोबर २०२५ रोजी पूर्व आफ्रिकेतल्या टांझानियात निवडणूक झाली. विरोधी नेते तुंडू लिस्सू देशद्रोहाच्या आरोपाखाली तुरुंगात होते आणि त्यांच्या चाडेमा पक्षाला निवडणूक लढवायलाच मनाई होती. मतदानाच्या दिवशी इंटरनेट बंद झालं, दार-एस-सलाम शहरात संचारबंदी लागली, रस्त्यावर उतरलेल्या तरुणांवर गोळ्या चालल्या. निकाल आला तेव्हा राष्ट्राध्यक्ष सामिया सुलुहू हसन यांना जवळपास ९८ टक्के मतं मिळाल्याचं जाहीर झालं.

टांझानियाबद्दल थोडंफार वाचलेला माणूस या बातमीनं गोंधळून जातो. हा देश त्या भागातला शांत देश म्हणून ओळखला जातो. शेजारच्या केनियात २००७-०८ साली निवडणुकीच्या निकालावरून जमाती एकमेकींवर तुटून पडल्या. रवांडा आणि बुरुंडीत कत्तली झाल्या. युगांडानं हुकूमशहा इदी अमीनची राजवट सोसली. टांझानिया यातून बराचसा वाचला, आणि त्याचं श्रेय तिथले लोक एकाच माणसाला देतात: पहिले राष्ट्राध्यक्ष ज्युलियस न्येरेरे. पण ज्या पक्षानं २०२५ साली ९८ टक्के मतं घेतली, तो पक्षही न्येरेरेंनीच उभा केलेला आहे. सरकार त्यांचं नाव घेतं आणि सरकारशी भांडणारेही त्यांचंच नाव घेतात.

माझं मत आधीच सांगून टाकतो. न्येरेरे जिथे लोकांना समजावत राहिले, तिथे त्यांच्या हातून फार मोठं काम झालं. जिथे समजावणं सोडून त्यांनी हुकूम काढले, तिथे गरिबांचं नुकसान झालं. आणि हुकूम चुकतोय हे त्यांच्या कानावर घालू शकतील अशी सगळी दारं तोवर त्यांनी स्वतःच लावून घेतली होती.

आधी देश कुठला ते पाहू

टांझानिया हे नाव जोडून बनवलेलं आहे. आफ्रिकेच्या मुख्य भूमीवरचा टांगानिका आणि समुद्रातलं झांझिबार बेट, या दोघांचं मिळून टांझानिया. टांगानिका आधी जर्मनांकडे होता. पहिल्या महायुद्धात जर्मनी हरल्यावर तो ब्रिटिशांच्या ताब्यात आला, पण वसाहत म्हणून नाही. आधी राष्ट्रसंघाच्या आणि नंतर संयुक्त राष्ट्रांच्या वतीनं ब्रिटिशांनी तो सांभाळायचा, अशी व्यवस्था होती. पुढे याचा मोठा उपयोग झाला, कारण दाद मागायला लंडनच्या वरचं एक ठिकाण होतं. न्येरेरे १९५५ साली न्यू यॉर्कला जाऊन संयुक्त राष्ट्रांपुढे बोलले ते त्यामुळेच.

९ डिसेंबर १९६१ रोजी टांगानिका स्वतंत्र झाला. त्यानंतर बरोबर दहा दिवसांनी गोवा मुक्त झाला. टांगानिकाच्या दक्षिणेला मोझांबिक, आणि तिथे तेव्हाही पोर्तुगीजच होते. म्हणजे गोव्यातून गेलेली सत्ता न्येरेरेंच्या दाराशी आणखी तेरा-चौदा वर्षं बसून राहिली.

'म्वालिमू' म्हणजे मास्तर

न्येरेरेंना आजही त्यांच्या देशात कोणी 'माजी राष्ट्राध्यक्ष' म्हणत नाही. म्हणतात 'म्वालिमू'. स्वाहिली भाषेत त्याचा अर्थ शिक्षक. आपण साने गुरुजींना गुरुजी म्हणतो तसंच हे. पेशा सुटला, हाक राहिली.

त्यांचा जन्म १९२२ सालचा, व्हिक्टोरिया सरोवराजवळच्या बुटियामा गावातला. वडील झानाकी या लहानशा जमातीचे प्रमुख होते. त्यांना पुष्कळ बायका, आणि न्येरेरे पाचव्या बायकोचा मुलगा. शाळेत गेले तेव्हा वय झालं होतं बारा. तिथून पुढे कंपालाचं माकेरेरे कॉलेज, मग शिक्षकाची नोकरी, मग स्कॉटलंडमधलं एडिंबरा विद्यापीठ. १९५२ साली इतिहास-अर्थशास्त्राची पदवी घेऊन ते परत आले आणि दार-एस-सलामजवळ पुगूच्या शाळेत शिकवू लागले. ७ जुलै १९५४ला त्यांनी 'टानू' हा पक्ष स्थापन केला. राजकारण सोडा नाहीतर नोकरी सोडा, असा पेच आला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली.

झानाकी जमात लहान होती याला मी फार महत्त्व देतो. केनियात किकुयू, युगांडात बागांडा अशा मोठ्या, वजनदार जमाती होत्या. त्यांचा माणूस वर गेला की बाकीच्यांच्या पोटात गोळा यायचा. मूठभर झानाकींचा मुलगा नेता झाला म्हणून कोणालाच आपल्या डोक्यावर कोणी बसेल अशी भीती वाटली नाही.

सव्वाशे जमाती, एक भाषा

टांगानिकात सव्वाशेच्या आसपास जमाती आणि जवळपास तितक्याच बोली होत्या. आपण १९६०च्या सुमारास भाषावार राज्यं करून हा प्रश्न सोडवला. न्येरेरेंनी अगदी वेगळी वाट धरली. कोणत्याच मोठ्या जमातीची नसलेली, किनाऱ्यावर व्यापारातून वाढलेली स्वाहिली त्यांनी सगळ्यांची भाषा केली. प्राथमिक शाळा स्वाहिलीतून, सभा स्वाहिलीतून, संसद स्वाहिलीतून. शिक्षकांच्या आणि अधिकाऱ्यांच्या बदल्या मुद्दाम परमुलखात होत. एकमेकांना हाक मारायची ती 'न्डुगू' अशी, म्हणजे भाऊ, आणि ती मंत्र्यापासून हमालापर्यंत सगळ्यांना सारखीच लागू.

या भाषेत आपल्या कानांना ओळखीचे शब्द बरेच सापडतात. दुकानाला 'डुका', गाडीला 'गारी', विम्याला 'बिमा' आणि चेकला चक्क 'हुंडी'. हिंदी महासागरातल्या व्यापाराचा हा ठसा.

राज्य चालवता चालवता न्येरेरेंनी शेक्सपिअरची दोन नाटकं स्वाहिलीत आणली. त्यातल्या व्हेनिसच्या व्यापाऱ्याच्या नाटकाचं नाव त्यांनी 'माबेपारी वा व्हेनिसी' ठेवलं. 'माबेपारी' म्हणजे भांडवलदार. व्यापारी या शब्दाच्या जागी त्यांनी कोणता शब्द बसवला ते पाहिलं की त्यांचं मन कुठे होतं ते कळतं.

आज टांझानियातल्या माणसाला तू कोण असं विचारलं तर तो बहुधा आधी टांझानियन म्हणतो आणि मग जमात सांगतो. आफ्रिकेत हे सहज घडत नाही. हे काम बंदुकीच्या धाकानं झालेलं नाही. शाळेतून, रेडिओवरून आणि गावोगावच्या सभांमधून झालं.

'उजामा' हा शब्द उघडून पाहू

न्येरेरेंच्या राजकारणाचा गाभा असलेला हा शब्द. अरबीतला 'जमा' आपल्याकडेही आहे: जमा, जमाव, जमात. स्वाहिलीत 'जमा' म्हणजे सोयरेधायरे, आपली माणसं. त्याच्या आधी 'उ' लावला की मराठीतल्या 'पणा'सारखा अर्थ येतो. उजामा म्हणजे आपलेपणा, एका कुटुंबातलं असणं. 'भाऊबंदकी' हा आपला शब्द खरं तर हाच अर्थ सांगतो, पण कोर्टकचेऱ्यांनी त्याचा वास बदलून टाकला आहे.

न्येरेरे म्हणत, समाजवाद आम्हाला परदेशातून आणायची गरज नाही, तो आमच्या घरातच आहे. एकत्र कुटुंबात सगळे राबतात, सगळे जेवतात, म्हाताऱ्याला उपाशी ठेवत नाहीत आणि धडधाकट माणसाला बसून खाऊ देत नाहीत. पाहुण्याबद्दलची एक स्वाहिली म्हण ते सांगत: दोन दिवस त्याला पाहुणा म्हणून वागवा, तिसऱ्या दिवशी हातात कुदळ द्या. अख्खा देश असा चालवायचा, असा त्यांचा विचार होता.

ऐकायला छान वाटतं आणि मला यातला प्रामाणिकपणा मनापासून पटतो. अडचण एवढीच की एकत्र कुटुंब चालतं ते माणसं एकमेकांना जन्मापासून ओळखतात म्हणून. घरात कोण आळशी आहे हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कोणाला किती ताटात वाढायचं हे आजी ठरवते. एक कोटी लोकांच्या देशात आजीच्या जागी सरकारी अधिकारी बसतो.

१९६७: अरुशाचा जाहीरनामा

स्वातंत्र्यानंतरची पहिली काही वर्षं निराशेची गेली. देशाचं मोठं परकीय चलन घायपातीच्या वाखावर मिळे. दोर, सुतळ्या त्याच्याच होत. कृत्रिम धागा आला आणि वाखाचे भाव कोसळले. बाहेरून भांडवल येईल ही आशाही फोल ठरली. त्यातच १९६६ साली विद्यापीठातले विद्यार्थी सक्तीच्या राष्ट्रीय सेवेविरुद्ध मोर्चा घेऊन आले. शिकलेली पोरं एवढा कमी पगार घेऊन राबायला तयार नाहीत हे पाहून न्येरेरे संतापले. त्यांनी तिथल्या तिथे स्वतःचा पगार २० टक्क्यांनी कापला आणि जवळपास चारशे विद्यार्थ्यांना घरी पाठवलं. एकाच दिवसातल्या या दोन कृतींत त्यांच्या स्वभावाच्या दोन्ही बाजू दिसतात.

५ फेब्रुवारी १९६७ला अरुशा शहराच्या नावानं ओळखला जाणारा, समाजवाद आणि स्वावलंबनाचा जाहीरनामा प्रसिद्ध झाला. बँका, विमा कंपन्या आणि मोठ्या आयात-निर्यात कंपन्या सरकारजमा झाल्या, घायपातीच्या मळ्यांतही सरकारनं मोठा वाटा घेतला. पुढाऱ्यांवर बंधनं आली: दोन पगार घ्यायचे नाहीत, शेअर बाळगायचे नाहीत, घर भाड्यानं देऊन कमवायचं नाही. आपल्याकडच्या कोणत्याही पक्षानं हा नियम लावला तर किती जण उरतील, हा विचार वाचताना मनात येतोच.

गावं उचलली आणि काजू जमिनीवर कुजले

टांगानिकातले शेतकरी विखरून राहत. आपल्या कोकणात वाड्या असतात, त्याहूनही सुटे. प्रत्येकाची झोपडी आपापल्या शेतात. एवढ्या विखुरलेल्या लोकांना शाळा, नळ, दवाखाना कसा पोचवायचा? न्येरेरेंचं उत्तर होतं: एकत्र या, गावं करा, सामाईक शेत कसा. सुरुवातीला ते निक्षून सांगत की हे स्वखुशीनंच व्हायला हवं.

दक्षिणेकडच्या रुवुमा भागात तसं घडलंही होतं. लिटोवा या वसाहतीपासून सुरू झालेली दीड-एक डझन गावं आपल्या मनानं एकत्र आली, स्वतःची शाळा चालवू लागली, काय पेरायचं ते बैठकीत ठरवू लागली. उजामा म्हणजे काय ते दाखवायला न्येरेरे या गावांकडे बोट दाखवत. पण स्वतःचे निर्णय स्वतः घेणारी गावं पक्षाच्या जिल्हा पातळीवरच्या पुढाऱ्यांना खुपत होती. १९६९च्या सप्टेंबरात पक्षाच्या केंद्रीय समितीनं त्यांच्या संघटनेवर बंदी घातली. न्येरेरेंनी ती होऊ दिली. त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत मला सर्वांत जास्त टोचणारी गोष्ट ही आहे. आपला विचार खरा करून दाखवणाऱ्या माणसांना त्यांनी वाऱ्यावर सोडलं.

त्यानंतर धीर सुटत गेला. १९७३ अखेर फक्त वीस लाखांच्या आसपास लोक नव्या गावांत होते. १९७३च्या नोव्हेंबरात न्येरेरेंनी जाहीर केलं की १९७६ संपायच्या आत सगळ्यांनी गावांत राहायला आलंच पाहिजे. मग लष्कराचे ट्रक आले. लोकांचं सामान चढवलं, परत येऊ नयेत म्हणून काही ठिकाणी जुनी घरं जाळली, आणि रस्त्याच्या कडेला आखलेल्या सरळ रांगांमध्ये माणसं उतरवली. तीन-चार वर्षांत गावांत राहणाऱ्यांची संख्या १.३ कोटीच्या घरात गेली. आफ्रिकेच्या इतिहासातल्या सर्वांत मोठ्या स्थलांतरांपैकी हे एक. आपल्या धरणग्रस्तांची आठवण ठेवा आणि मग ती संख्या कितीतरी पटींनी वाढवून पाहा.

याचा परिणाम काय झाला ते काजूवरून चटकन कळतं. दक्षिण टांझानियातल्या म्ट्वारा आणि लिंडी भागात काजू हेच मुख्य पीक. पोर्तुगीजांनी ब्राझीलहून काजू आणला तो गोव्यात आणि आफ्रिकेच्या या किनाऱ्यावरही. तिथला हंगाम ऑक्टोबरपासून, आपला फेब्रुवारीपासून. त्यामुळे भारतातले काजू कारखाने आपली बी संपली की आफ्रिकेची बी फोडतात.

माझं आजोळ वेंगुर्ल्याच्या बाजूचं, म्हणून काजूचं काम मला जवळून माहीत आहे. काजू झाडावरून कोणी खुडत नाही. बोंडू पिकून खाली पडतो. त्याआधी झाडाखालचं रान साफ करून ठेवावं लागतं, नाहीतर बी गवतात हरवते. रोज सकाळी जाऊन वेचावं लागतं, बोंडू पिळून बी वेगळी करावी लागते. दोन दिवस कोणी फिरकलं नाही आणि वर पाऊस पडला की बी काळी पडते. आजी म्हणायची, काजूचं झाड घराच्या नजरेत पाहिजे. आता कल्पना करा की घर उचलून पाच-सात मैल लांब नेऊन ठेवलंय. मुलाबाळांच्या बाईनं वेचायला कधी जायचं? म्ट्वाऱ्यात झाडं तिथेच राहिली आणि माणसं रस्त्याकडेला गेली. रान माजलं, वणवे लागले. सरकारी खरेदीचे भाव इतके पडले की चालत जाण्याचे कष्टही भरून निघेनात. त्यात झाडांवर भुरी रोग पसरला आणि औषध मारायला कोणी नव्हतं. १९७३-७४च्या हंगामात टांझानियात जवळपास दीड लाख टन काजूबी निघाली होती. ऐंशीच्या दशकात ती वीस हजार टनांच्याही खाली आली. जागतिक बँकेच्या कर्जातून उभे केलेले काजू फोडण्याचे कारखाने बियांवाचून कुलूप लावून बसले.

सरकारी खरेदी म्हणजे नेमकं काय होतं?

महाराष्ट्रातल्या वाचकाला एकाधिकार कापूस खरेदी योजना आठवत असेल. १९७२ पासून पुढे कितीतरी वर्षं शेतकऱ्यानं कापूस सरकारी यंत्रणेलाच विकायचा, दुसऱ्याला नाही. टांझानियात जवळपास प्रत्येक निर्यात पिकाला असं मंडळ होतं. फरक मोठा होता. आपल्याकडे बहुतेक वेळा शेतकऱ्याला बाजारापेक्षा जास्त द्यावे लागले म्हणून योजना तोट्यात गेली. तिकडे मंडळाचा स्वतःचा खर्च फुगत गेला आणि जागतिक भावातला शेतकऱ्याचा वाटा आकसत गेला. पैसे कित्येक महिने थकायचे. शेतकरी मग सीमेपलीकडे चोरून माल विकू लागले. त्याला 'मागेंडो' असा शब्दच रूढ झाला.

यात भर म्हणजे १९७६ साली सरकारनं सहकारी संघ बरखास्त केले. किलिमांजारोच्या उतारावरच्या कॉफीवाल्यांचा आणि सरोवराकाठच्या कापूसवाल्यांचा सहकार ब्रिटिश काळापासून उभा होता. सहकारात वाढलेल्या आपल्यासारख्यांना हे वाचताना पोटात कालवतं. त्या संघांत भ्रष्टाचार होता हे खरं, पण ते शेतकऱ्याचं ऐकायला बांधलेले तरी होते. पुढे १९८४च्या सुमारास न्येरेरेंनीच कबूल केलं की सहकारी संघ आणि स्थानिक स्वराज्य संस्था मोडणं या दोन्ही मोठ्या चुका होत्या. अरुशाच्या जाहीरनाम्याला दहा वर्षं झाली तेव्हाही त्यांनी लिहून टाकलं होतं की आपला देश समाजवादीही झाला नाही आणि स्वावलंबीही नाही. सत्तेवर असताना असं छापील कबूल करणारे राज्यकर्ते मला फार आठवत नाहीत.

"पण दुष्काळ, तेलाचे भाव आणि युद्ध यांचा दोष नाही का?"

आहे. १९७३-७५मध्ये पाऊस नीट झाला नाही, त्याच सुमारास तेल महागलं, १९७९ला पुन्हा महागलं. कॉफीचे भाव १९७७नंतर उतरले. त्याच वर्षी केनिया, युगांडा आणि टांझानियाचा संयुक्त संघ मोडला, त्यामुळे विमानसेवा, रेल्वे, टपाल सगळं नव्यानं उभं करावं लागलं. १९७८च्या ऑक्टोबरात इदी अमीनच्या सैन्यानं टांझानियाचा कागेरा भाग बळकावला. न्येरेरेंनी सैन्य पाठवलं, ते थेट कंपालापर्यंत गेलं, आणि ११ एप्रिल १९७९ला शहर पडलं. अमीन पळाला. त्या युद्धाचा खर्च पन्नास कोटी डॉलरच्या आसपास गेला असं सांगतात आणि तो जवळपास एकट्या टांझानियानं सोसला.

मात्र या सगळ्याआधीच शेतीचा कणा वाकला होता. बाहेरचा मार कोणत्याही देशाला बसतो, तो सोसायला घरात काहीतरी शिल्लक लागते. टांझानियाच्या घरात ती उरली नव्हती. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला दुकानांत साबण, साखर, कापड मिळेनासं झालं. १९८३ साली साठेबाजांची धरपकड झाली तरी फळ्या रिकाम्याच राहिल्या.

"एकच पक्ष ठेवला, मग हुकूमशहाच ना?"

१९६५ पासून कायद्यानं एकच पक्ष होता. चौकशीविना कैदेत टाकणारा कायदा तर १९६२ पासूनच होता आणि तो वापरला गेला. वृत्तपत्रं आणि कामगार संघटना पक्षाच्या मुठीत आल्या.

तरी एक गोष्ट जवळून पाहण्यासारखी आहे. प्रत्येक मतदारसंघात एकाच पक्षाचे दोन उमेदवार उभे राहत. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी एकाला कुदळीचं चिन्ह आणि दुसऱ्याला घराचं. लोक खरोखर निवडत, आणि १९६५च्या पहिल्याच निवडणुकीत विद्यमान मंत्रीही पडले. पण राष्ट्राध्यक्षपदाला एकच नाव असायचं, हो किंवा नाही एवढंच मत. म्हणजे आपल्या आमदाराला लोक घरी बसवू शकत, पण सक्तीनं गाव उठवण्याचं धोरण बदला असं म्हणायला मतपत्रिकेवर जागा नव्हती.

आणि माझ्या मते सगळं इथेच बिघडलं. जिल्ह्याचा अधिकारी वरच्याला कळवायचा की लोक आनंदानं गावांत आले. वरचा आणखी वर तेच कळवायचा. दुसरा पक्ष नाही, स्वतंत्र वर्तमानपत्र नाही, सहकारी संघ नाही, रुवुमाची गावं नाहीत. खरी बातमी मास्तरांपर्यंत पोचणार कुठून?

"भारतीय वंशाच्या लोकांवर अन्याय केला का?"

गोव्याहून आणि गुजरातेतून गेलेली हजारो कुटुंबं टांगानिकात होती. गोवेकर बरेचसे ब्रिटिशांच्या कचेऱ्यांत कारकून होते. १९६१ साली नागरिकत्व फक्त काळ्यांनाच द्या अशी मागणी संसदेत आली, तेव्हा न्येरेरे राजीनाम्याच्या धमकीपर्यंत गेले आणि त्यांनी ती हाणून पाडली. भारतीय वंशाचे अमीर जमाल कित्येक वर्षं त्यांचे अर्थमंत्री होते. १९७२ साली अमीननं आशियाई लोकांना हाकलून लावलं तेव्हा न्येरेरेंनी उघड निषेध केला.

दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. १९७१ साली एक लाख शिलिंगांहून जास्त किमतीच्या भाड्यानं दिलेल्या इमारती सरकारनं घेतल्या. कायद्यात वंशाचं नाव नव्हतं, पण अशा इमारती कोणाच्या होत्या ते सगळ्यांना ठाऊक होतं. आयुष्यभराची पुंजी घातलेलं घर गेल्यावर पुष्कळ कुटुंबं ब्रिटन-कॅनडाला निघून गेली. हेतू वंशद्वेषाचा नव्हता हे मी मान्य करतो. पण ज्याचं घर गेलं त्याला हेतू सांगून काय उपयोग?

मग लोक अजून का मानतात?

कारण बरंच काही टिकलं. १९६७ साली प्रौढांपैकी साधारण एक तृतीयांश लोकांना लिहिता-वाचता येत होतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यापर्यंत सरकारी आकडा ९० टक्क्यांच्या आसपास गेला. १९७३ साली 'म्टू नी आफिया' म्हणजे 'माणूस म्हणजेच आरोग्य' या रेडिओ मोहिमेत वीस लाख लोक गटागटानं रेडिओभोवती बसले, ऐकलं, चर्चा केली आणि मग उठून स्वतःच्या गावात शौचालयं खणली. इथे ट्रक लागले नाहीत. चीनच्या बिनव्याजी कर्जातून दार-एस-सलाम ते झांबिया अशी १,८६० किलोमीटरची ताझारा रेल्वे झाली आणि गोऱ्यांच्या ताब्यातल्या बंदरांवाचून झांबियाचं तांबं बाहेर पडू लागलं. मोझांबिकच्या स्वातंत्र्यासाठी लढणारी फ्रेलिमो १९६२ साली दार-एस-सलाममध्येच स्थापन झाली. दक्षिण आफ्रिकेच्या आफ्रिकन नॅशनल काँग्रेसला मोरोगोरोत जागा मिळाली. स्वतःच्या पोटाला चिमटा घेऊन एक गरीब देश दुसऱ्यांच्या स्वातंत्र्यासाठी तीस वर्षं उभा राहिला.

आणि ते श्रीमंत झाले नाहीत. शेजारच्या झाईरमध्ये (आजचं काँगो) हुकूमशहा मोबुटू देश लुटत होता त्याच काळातली ही गोष्ट आहे. भारताचा पहिला गांधी शांतता पुरस्कार १९९५ साली न्येरेरेंना मिळाला. त्याआधी विकसनशील देशांच्या साउथ कमिशनचे ते अध्यक्ष होते, तेव्हा त्या आयोगाचे सरचिटणीस होते डॉ. मनमोहन सिंग.

खुर्ची सोडली, पक्ष सोडला नाही

आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या अटी मान्य करायला न्येरेरे शेवटपर्यंत तयार झाले नाहीत. आपलं धोरण चालत नाही हेही त्यांना दिसत होतं. ५ नोव्हेंबर १९८५ला ते स्वतःहून पायउतार झाले. अली हसन म्विनी आले आणि पुढच्याच वर्षी नाणेनिधीशी करार झाला. बाजार खुला करणाऱ्या म्विनींना लोकांनी 'रुक्सा' हे टोपणनाव दिलं, म्हणजे 'परवानगी आहे'. न्येरेरे मात्र १९९० पर्यंत पक्षाचे अध्यक्ष राहिले. हा पक्ष म्हणजे चामा चा मापिंडुझी, १९७७ साली टानू आणि झांझिबारचा पक्ष एकत्र करून त्यांनी बनवलेला.

अनेक पक्ष असावेत का, हे विचारायला पुढे न्यायमूर्ती न्यालाली यांचा आयोग नेमला गेला. सुमारे ८० टक्के लोकांनी सांगितलं, एकच पक्ष बरा. न्येरेरेंनी जाहीरपणे उरलेल्या वीस टक्क्यांची बाजू घेतली. ज्यांनी एकपक्षीय राजवट आणली त्यांनीच ती मोडायला सांगितली, आणि १९९२ साली अनेक पक्षांना वाट मोकळी झाली.

त्याच आयोगानं आणखी एक यादी दिली होती: नागरिकांना दडपणारे चाळीस कायदे, जे रद्द व्हायला हवेत. त्यातले कित्येक रद्द झालेच नाहीत. पक्ष आणि सरकार यांची वीण तशीच राहिली. जिल्ह्याचा अधिकारी, पोलीस, निवडणूक यंत्रणा यांना एकाच घरचं मीठ खाण्याची सवय तशीच राहिली. २०१८ साली काजूच्या भावावरून शेतकरी आणि व्यापारी अडून बसले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष मागुफुली यांनी म्ट्वाऱ्यात काजू उचलायला पुन्हा लष्कराचे ट्रक पाठवले.

न्येरेरे १४ ऑक्टोबर १९९९ला लंडनच्या एका इस्पितळात रक्ताच्या कर्करोगानं गेले. टांझानियात दरवर्षी त्या दिवशी सार्वजनिक सुट्टी असते. २०२५ची सुट्टीही झाली. पंधरा दिवसांनी मतदान झालं, आणि स्वतःचं म्हणणं मांडायला निघालेली मुलं दार-एस-सलामच्या रस्त्यांवर पडली. त्यांतली बरीच म्वालिमू गेल्यानंतर जन्मलेली.